रस्टमधला बेस : दगडी भिंत की पत्र्याची?

रस्ट या ऑनलाइन गेममध्ये खेळाडू स्वतःचा बेस, म्हणजे राहायचा तळ, बांधतात आणि दुसरे तो फोडून लुटतात. राजारामपुरीतल्या चार मित्रांचा प्रश्न आहे : रात्री दोनच तास खेळतो, मग बेस दगडात ठेवू की पत्र्यात न्यावा?

खर्च बघा. एका भिंतीला 300 दगड पुरतो. पत्र्याला 200 मेटल फ्रॅगमेंट्स (धातूचे तुकडे) लागतात, आणि त्यासाठी भट्टीत लाकूड जाळून कच्चा धातू वितळवावा लागतो. खरा वेळ तिथंच जातो.

टिकाऊपणात पत्रा दुप्पट. दगडी भिंत 500 हेल्थची (म्हणजे एवढा मार सोसणारी), 2 सी-फोर स्फोटकांना किंवा 4 रॉकेटला पडते. पत्र्याची 1000, तिला 4 सी-फोर किंवा 8 रॉकेट. पण दगडी भिंतीची मऊ, म्हणजे कमजोर बाजू आत असायला हवी; ती बाहेर राहिली तर कुदळीनंही भिंत फुटते, स्फोटक लागतच नाही. भिंत लावली की बाहेरून एक चक्कर मारा. उलटी दिसली तर हातोड्यानं 10 मिनिटांच्या आत फिरवा.

देखभालीचं सामान टूल कपबोर्डमधून, म्हणजे बेसच्या मुख्य कपाटातून, जातं. ते संपलं की दगड साधारण 5 तासांत, पत्रा 8 तासांत झिजून जातो.

भिंत कुठलीही असो, पत्र्याचं दार 1 सी-फोरमध्ये जातं. म्हणून पन्हाळ्याच्या तीन दरवाजासारखी रचना करा : बाहेरचं दार, मध्ये छोटी मोकळी जागा, मग आतलं दार. दोन्ही एकदम उघडू नका.

दोन तास खेळणाऱ्या चौघांनी बाहेरून दगड ठेवावा, कपबोर्ड आणि लूटच्या खोलीला मात्र पत्राच. रोज खाणकाम करणारा मोठा गट असेल तर सगळा बेस पत्र्यात न्या.