फोंड्यातलं अ‍ॅक्युपंक्चर क्लिनिक : दम्याच्या पेशंटने जावं का?

जावं, पण पंप पर्समध्ये ठेवूनच. बाजाराजवळच्या या छोट्या क्लिनिकवर माझा विश्वास बसला तो पहिल्याच प्रश्नावर. "बाई, पंप कुठला घेता? रोजचा की लागेल तेव्हाचा?" छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचल्याशिवाय डॉक्टरीणबाईंनी सुईला हात लावला नाही, आणि रोजचा स्टेरॉइडचा पंप बंद करायचा नाही म्हणून बजावलं. माझ्या मावशीला एका वैद्याने पंप सोडायला लावला होता. ऐन पावसात तिला रात्री बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागलं, त्यामुळे हे बजावणं मला फार मोलाचं वाटतं.

सुयांचं पाकीट आपल्यासमोर फोडतात, वापरलेल्या सुया लगेच बंद डब्यात जातात. मनगटाच्या जरा वर, अंगठ्याच्या बाजूला सुई गेली की आधी मुंगी चावल्यासारखं होतं, मग एक जड ठणका हळूहळू अंगठ्याकडे उतरतो. बाकीच्या सुया मानेखालच्या मणक्याशेजारी आणि पाठीवर. पाठीच्या सुया तिरक्या आणि उथळच घालतात, कारण खाली फुप्फुस असतं. पालथं झोपून मला धाप लागते हे सांगताच टेबलावर उशा रचून बसवलं.

दर वेळी सुयांच्या आधी आणि नंतर पीक फ्लो मीटरमध्ये, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणाऱ्या नळीत, फुंकायला लावतात. माझा आकडा फारसा हलत नाही. छाती मात्र मोकळी वाटते, झोप लागते, कपाटाला बुरा येण्याच्या दिवसांतसुद्धा. २०११ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं: खोट्या, म्हणजे सुई कातडीत न शिरणाऱ्या अ‍ॅक्युपंक्चरनेही पेशंटना जवळजवळ खऱ्या पंपाइतकंच बरं वाटलं, पण फुंकरीची मोजणी पंपातल्या साल्ब्युटामॉल या औषधाने सुमारे २० टक्के सुधारली, खोट्या सुयांनी ७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बरं वाटत असताना श्वासनळ्या आवळलेल्याच असू शकतात. म्हणून ते मीटर तिथे आहे याला मी सुयांपेक्षा जास्त गुण देते. अ‍ॅटॅक आलेला असताना तर इथे येऊच नये, सरळ हॉस्पिटल गाठावं. हे त्यांनी दारावरच लिहिलंय.

एका बैठकीचे ५०० रुपये. बाहेर उदबत्ती लावायचे, सांगितल्यावर बंद केली. जिना मात्र उभा आहे आणि लिफ्ट नाही. दम्याच्या लोकांसाठी खाली एखादी खुर्ची तरी ठेवायला हवी. गणेश चवथीच्या आठवड्यात क्लिनिक बंद असतं, आधी फोन करून जा.