हॅलोजन हेडलाइटसाठी रिले वायरिंग किट : पावसाळा आणि हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

हेडलाइट फडफडायला लागले की पहिला संशय बल्बवर जातो, आणि बहुतेक वेळा बल्बचा काही दोष नसतो. दोष असतो जोडणीत: बल्बच्या तापून काळ्या पडलेल्या होल्डरमध्ये, गंजलेल्या अर्थिंगमध्ये (बॉडीमार्गे बॅटरीच्या मायनसला जाणारी जोडणी) किंवा स्विचच्या झिजलेल्या संपर्कात. म्हणूनच एच-४ बल्बच्या (एकाच बल्बात अप्पर म्हणजे लांबचा आणि डिपर म्हणजे जवळचा प्रकाश असतो तो) जुन्या पेट्रोल हॅचबॅकला बाजारात मिळणारं रिले वायरिंग किट लावलं. रिले म्हणजे थोड्या करंटवर चालणारा विजेचा स्विच, जो मोठा करंट चालू-बंद करतो. इंदूरचा पूर्ण पावसाळा, त्यानंतरची थंडी, आणि शहराबाहेर मुख्यतः खंडवा रोड असा त्याचा वापर झाला. किटमुळे फडफड गेली आणि प्रकाश स्पष्टपणे वाढला. मात्र पाकिटातून काढून जसंच्या तसं लावण्याजोगं हे किट नाही, आणि प्रत्येक फडफडीवर ते औषधही नाही.

आधी रोग ओळखायला हवा. त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. महाराणी रोडवरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत मिळतो तसला. एकाच बाजूचा दिवा फडफडत असेल तर त्या बाजूचा बल्ब, होल्डर किंवा अर्थ. दोन्ही एकदम फडफडत असतील तर स्विच, रिले, बॅटरीचे टर्मिनल किंवा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनित्र). खड्ड्यात चाक गेलं की फडफडतो, म्हणजे ढिली जोडणी. इंडिकेटरच्या तालावर मंद होतो, म्हणजे दोघांची अर्थ एकच आहे आणि ती कमजोर आहे. गाडी उभी असताना मंद आणि रेस दिल्यावर तेज, तर आधी फॅनबेल्ट आणि चार्जिंग बघावं. आणि दहा-पंधरा मिनिटं दिवे चालल्यावरच फडफड सुरू होत असेल, तर होल्डर तापतोय हे जवळजवळ नक्की.

मीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा, इंजिन सुरू करा, डिपर आणि एसीचा पंखा चालू ठेवा. बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. मग लाल टोक बॅटरीच्या प्लसला आणि काळं टोक बल्बच्या डिपरच्या पिनला, होल्डर बल्बवर लावलेलाच असताना, मागून सुई घालून. हा आकडा म्हणजे प्लसच्या वाटेत हरवलेलं व्होल्टेज. ०.५ च्या आत असेल तर ठीक. नंतर बल्बची अर्थ पिन आणि बॅटरीचा मायनस यांच्यात बघा, तिथे ०.२ च्या वर काही दिसता कामा नये. मीटर लावलेला असतानाच वायरिंग हाताने हलवत जा. आकडा जिथे उडी मारतो तिथेच दोष. होल्डर काढून रिकाम्या पिनवर व्होल्टेज मोजण्याचा मात्र काही उपयोग नाही. करंट वाहत नसताना सडलेली तारही पूर्ण बारा व्होल्ट दाखवते. कितीतरी मिस्त्री इथेच थांबतात आणि नवा बल्ब हातात देतात.

बॅटरीवर मीटर एसी रेंजला ठेवून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अल्टरनेटरचा डायोड गेला असण्याची शक्यता मोठी. तो दोष असताना रिले किट लावलं तर पैसे वाया जातील आणि फडफड तशीच राहील.

आता किट काय सुधारतं ते. जुन्या गाड्यांत दिव्यांचा सगळा करंट बॅटरीपासून केबिनमध्ये, स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचमधून, परत पुढे दिव्यांपर्यंत जातो. डिपरचे ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून जवळपास १० अँपिअर घेतात. १ चौरस मिमी तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे साधारण १७ मिलीओहम. चार मीटर तार धरली तरी ०.७ व्होल्ट तारेतच गेले. स्विच आणि कनेक्टर वेगळेच. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणजे १३.२ ऐवजी १२ व्होल्ट पोचले तर प्रकाश ७२ टक्क्यांच्या आसपास उरतो. राजवाड्याजवळ किंवा पलासियाला, रस्त्यावरच्या दिव्यांत, हे कळतही नाही. तेजाजी नगर ओलांडून सिमरोलकडे निघालं की कळतं, आणि भेरूघाटाच्या वळणावर पावसात तर फारच कळतं.

फडफडीचं मूळही याच करंटमध्ये आहे. पिनच्या जागी नुसता ०.१ ओहम रोध तयार झाला तरी साडेचार अँपिअरला तिथे सुमारे २ वॅट उष्णता निर्माण होते, तीही नखाएवढ्या पत्रीवर. पत्रीचा ताण जातो, पकड ढिली होते, ऑक्साइड चढतं, रोध वाढतो, आणखी तापतं. प्लॅस्टिकचा होल्डर पिवळा, मग तपकिरी, मग ठिसूळ होतो. अशा होल्डरची पत्री पक्कडीने आवळून थोडे दिवस काम भागतं, पण ताण गेलेली पत्री पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. ती बदलायचीच.

किटमध्ये दोन चार-पिनी रिले येतात, एक अप्परचा आणि एक डिपरचा. शिवाय दोन सिरॅमिक होल्डर, गाडीच्या मूळ होल्डरमध्ये बसणारा एक नर प्लग, फ्यूज होल्डर आणि थिंबल (तारेच्या टोकाला बसवायची धातूची कडी). मूळ होल्डर आता रिलेच्या कॉइलला (८५-८६ नंबरच्या पिनांमधल्या, रिले ओढणाऱ्या गुंडाळीला) फक्त हुकूम देतो, तेवढ्याला दीड-दोनशे मिलीअँपिअर पुरतात. बल्बचा करंट बॅटरीतून थेट रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर येतो आणि ८७ वरून बल्बला जातो. स्विचवरचा भार जवळजवळ संपतो, आणि तो महाग स्विच पुढे वर्षानुवर्षं टिकतो.

विकत घेताना तारेचा जाडपणा बाहेरून बघून ठरवू नका. इन्सुलेशन जाड आणि आत तांबं केसाएवढं, असे किट सर्रास मिळतात. टोक सोलून एक धागा ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. किट परत करा. बॅटरी ते रिले २.५ चौरस मिमी आणि रिले ते प्रत्येक बल्ब १.५ चौरस मिमी हवी. सिरॅमिक होल्डर तापमान सोसतो, पण आतली पत्री पातळ असेल तर सिरॅमिकचा काही फायदा नाही. बल्ब आत ढकलताना जोर लागायला हवा.

पाकिटातला फ्यूज होल्डर मी वापरला नाही. झाकण घट्ट बसत नव्हतं आणि एका फ्यूजवर दोन्ही रिले चालत होते. हायवेवर तो एक फ्यूज उडाला की अप्पर-डिपर दोन्ही बंद, समोर काळोख. प्रत्येक रिलेला १५ अँपिअरचा वेगळा फ्यूज, रबरी झाकणाच्या होल्डरमध्ये, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. हा बदल अनिवार्य समजा. थिंबलही फक्त चेपलेली होती. ती कापून नवी, क्रिंपिंगच्या पक्कडीने नीट आवळून बसवली आणि वर हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी) चढवली.

बसवायला घाई नसेल तर दीड-दोन तास. १० नंबरच्या पान्याने बॅटरीचा मायनस आधी काढायचा. रिले रेडिएटरपासून लांब, आतल्या फेंडरवर, पिना खाली करून लावायच्या म्हणजे पाणी ठरत नाही. अर्थसाठी बॉडीवरचा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन लावा. रंगावर आवळलेली अर्थ म्हणजे नवी फडफड विकत घेणं. दोन्ही बाजूंच्या दिव्यांना आपापली अर्थ द्या. बल्बच्या काचेला बोट लागू देऊ नका; लागलंच तर स्पिरिटने पुसा.

दोन गोष्टींवर लोक अडतात. अनेक जपानी घडणीच्या गाड्यांत एच-४ च्या सामाईक पिनवर प्लस कायम असतो आणि स्विच मायनस तोडतो. ज्या किटमध्ये रिलेच्या कॉइलचं दुसरं टोक बॉडीला जोडलेलं असतं, ते अशा गाडीत काम करत नाही. कॉइल नर प्लगच्या सामाईक पिनवर परतणारं किट दोन्हीकडे चालतं. पण रिलेच्या आत डायोड असेल तर ८५-८६ ची दिशा उलटी होऊन फ्यूज उडतो. घेण्याआधी टेस्ट लॅम्पने (तारा जोडलेल्या छोट्या तपासणीच्या दिव्याने) मूळ होल्डर तपासा. अशा गाडीत वर सांगितलेलं मोजमापही बदलतं: स्विच मायनसच्या वाटेत असल्यामुळे तिकडचा आकडा मोठा दिसतो. दुसरं, नव्या गाड्यांत कंट्रोल मॉड्यूल दिव्यांना तुटक-तुटक पल्समध्ये वीज देतं. त्यावर साधी रिले जोडली की ती टकटक वाजते आणि दिवे आधीपेक्षा जास्त फडफडतात. अशा गाडीला हे किट लावूच नये.

आता इतक्या महिन्यांनंतरची स्थिती. होल्डर कुठेही काळे पडलेले नाहीत. तासभर दिवे चालवून लगेच हात लावला तर फ्यूज होल्डर कोमट लागतो, गरम नाही. प्लसच्या वाटेतला व्होल्टेज ड्रॉप ०.३ च्या आत टिकून आहे. अर्थच्या बोल्टवर पावसाळ्यानंतर थोडा पांढरट थर आला होता. काढून घासून पुन्हा आवळावा लागला. आपल्याकडचं पावसाचं पाणी आणि काळ्या मातीचा चिखल बघता हे दर पावसाळ्याआधी आणि नंतर करायचं काम आहे. रिलेच्या ब्रॅकेटचा पत्रा मात्र खराब रस्त्यावर हलतो. त्याखाली रबर घातल्यावर आवाज थांबला.

एक तोटा उघड सांगायला हवा. व्होल्टेज वाढलं की प्रकाश वाढतो, पण फिलामेंटचं आयुष्य झपाट्याने कमी होतं; ५ टक्के जास्त व्होल्टेजला ते जवळपास निम्मं होतं. आधी वर्षानुवर्षं चालणारे बल्ब आता लवकर जातील. अल्टरनेटर १४.८ च्या वर चार्ज करत असेल तर रेग्युलेटर आधी दुरुस्त करा, नाहीतर बल्ब बदलण्यातच पैसे जातील.

किट लावलं म्हणून १००/९० वॅटचे बल्ब घालण्याचा मोह टाळा. तार सोसेल, पण रिफ्लेक्टर आणि काच त्या उष्णतेसाठी नाहीत, नियमात ते बसत नाहीत, आणि समोरून येणाऱ्याला काहीच दिसत नाही. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घालणंही तसंच. शिवाय एलईडीला फडफड जास्त दिसते: हॅलोजनचा फिलामेंट तापलेला असल्यामुळे क्षणभराचा खंड झाकला जातो, एलईडीत तो लगेच डोळ्यात येतो. ढिल्या जोडणीवर एलईडी लावणाऱ्यांची फडफड म्हणूनच वाढते.

प्रकाश वाढल्यावर दिव्यांचा रोख तपासणं आलंच. सपाट जागी, टायरमध्ये योग्य हवा असताना, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. डिपरची वरची कड बल्बच्या उंचीपेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली पडावी आणि डावीकडे वर चढावी. उजवीकडे वर चढत असेल तर बल्ब उलट वाहतुकीच्या देशासाठीच्या दिव्यात आहे किंवा नीट बसलेला नाही.

गाडीचा मूळ होल्डर कापून तार जोडू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. दोन्ही मूळ होल्डर शाबूत ठेवा. रिकामा राहणारा होल्डर टेपने गुंडाळून बांधा. घाटात रिले गेली तर दोन्ही सिरॅमिक होल्डर काढून मूळ होल्डर थेट बल्बवर लावले की गाडी पाच मिनिटांत जुन्या वायरिंगवर चालू होते. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक जास्तीची रिले आणि १५ अँपिअरचे दोन फ्यूज असू द्या. चार पिनांची ही रिले ट्रान्सपोर्ट नगरातल्या ट्रकच्या इलेक्ट्रिशियनकडेही सहज मिळते. घेताना बाजूला छापलेली ३०, ८५, ८६, ८७ ही पिनांची मांडणी जुन्या रिलेशी ताडून घ्या, कारण ३० आणि ८६ च्या जागा अदलाबदल केलेल्या रिलेही त्याच खोक्यात ठेवलेल्या असतात.