कोहा की पुस्तकांचं जतन?

डिचोलीच्या एका ग्रंथपाल ताईंनी विचारलं: वार्षिक परिषदेच्या आदल्या दिवशी एकाच वेळी दोन कार्यशाळा आहेत, कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरची आणि जुन्या पुस्तकांच्या जतनाची. कुठे बसू?

आधी खर्च. कोहाला परवाना शुल्क नाही, पण सर्व्हर, बॅकअप आणि लिनक्स जाणणारा माणूस लागतोच. जतनाची सुरुवात मऊ ब्रश, जपानी टिश्यू (फाटलेली पानं जोडायचा पातळ, चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ एवढ्यावर होते.

शिकलेलं टिकतं किती? परत येऊन लगेच नोंदी घातल्या नाहीत तर मार्क २१ चे, म्हणजे संगणकावर पुस्तकांची नोंद करायच्या ठरलेल्या साच्याचे, टॅग (रकान्यांचे क्रमांक) विसरतात. २४५ म्हणजे शीर्षक, एवढंच आठवतं. हाताने केलेलं मात्र राहतं. गेल्या पावसाळ्यात एका पोथीचं फाटलेलं पान जोडताना माझी खळ दाट झाली आणि पान आखडलं. तेव्हापासून खळ पातळच करते. बुरशीला ६५ टक्क्यांवरची आर्द्रता पुरते. आपल्याकडे आषाढात ती ८० च्याही वर असते.

संगणकीकरण यंदा मंजूर झालं असेल तर ताई, कोहाच घ्या. कपाटात जुनी मराठी पुस्तकं असतील आणि हाताखाली कोणी नसेल, तर बिनदिक्कत जतनाला बसा.