लेझर कटिंगआधी ड्रॉइंगमधले गॅप काढणं: ओव्हरकिल आणि पीएडिट वापरल्यानंतरचा अनुभव

भोसरी एमआयडीसीत लेझर कटिंगचं जॉबवर्क करणाऱ्या शॉपमध्ये मी प्रोग्रॅमिंग बघतो. पावसाळ्यापासून गिऱ्हाइकाकडून आलेलं प्रत्येक डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल) नेस्टिंगला, म्हणजे पत्र्यावर पार्ट बसवायला, टाकण्याआधी ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधल्या ओव्हरकिल आणि पीएडिट या दोन कमांडमधून काढतोय. दोन्ही जुन्याच कमांड, तरी अजून कितीतरी जण झूम करकरून हाताने रेघा जुळवत बसतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

लेझरचा किरण जाताना पत्र्याचा थोडा भाग खातो, तो कर्फ. माप बरोबर येण्यासाठी किरण अर्धा कर्फ बाजूला सरकवावा लागतो: भोकाला आतून, बाहेरच्या प्रोफाइलला बाहेरून. आतलं कुठलं नि बाहेरचं कुठलं, हे सॉफ्टवेअरला बंद आकारावरूनच कळतं. पाव मिलिमीटरचा गॅप राहिला तरी तो आकार उघडा धरला जातो. मग एकतर एरर येते, नाहीतर रेघेवरूनच कट होतो आणि भोक मोठं पडतं.

आधी ओव्हरकिल. एकावर एक पडलेल्या रेघा निघून जातात, नाहीतर तीच कड दोनदा जळते. डुप्लिकेट वेगळ्या लेअरवर (ड्रॉइंगच्या थरावर) असेल तर मात्र लेअरकडे दुर्लक्ष करण्याची टिक द्यावी लागते. ती मी विचार करूनच देतो, कारण बेंडिंगची रेघ (पत्रा कुठे वाकवायचा ती) मुद्दाम वेगळ्या लेअरवर असते आणि तीही उडू शकते.

मग सुट्या रेघा जोडायला पीएडिट, मल्टिपल, सगळं सिलेक्ट, जॉईन. पीएडिटअ‍ॅक्सेप्ट ही सेटिंग १ करून ठेवा, म्हणजे पॉलीलाइन (अनेक तुकडे जोडून झालेली एकच रेघ) करू का हा प्रश्न येत नाही. खरी कसोटी फझ डिस्टन्सची. हा आकडा म्हणजे किती लांबची टोकं एक मानायची. मी ०.०१ मिलिमीटरपासून सुरू करतो, जुळलं नाही तर ०.०५. सरसकट १ टाकणारे मी पाहिलेत, आणि ते मला अजिबात पटत नाही. बेंड रिलीफच्या (पत्रा वाकवताना फाटू नये म्हणून दिलेल्या) बारीक खाचेत दोन टोकं मुळातच जवळ असतात, तिथे भलतीच टोकं जुळू शकतात. जॉईनटाइपमध्ये (टोकं कशी जोडायची ते) एक्स्टेंड ठेवावं, म्हणजे रेघाच वाढवून जुळवल्या जातात. ‘अ‍ॅड’ हा दुसरा पर्याय गॅपच्या जागी नवी सरळ रेघ घालतो, म्हणजे धारदार कोपऱ्यावर छोटा चॅम्फर (तिरका काप) येतो.

जुळलं की नाही, हे डोळ्यांवर सोडू नका. क्यूसिलेक्टमध्ये (अट लावून निवडायची कमांड) पॉलीलाइन घेऊन क्लोज्ड बरोबर नो लावा, उघड्या राहिलेल्या सगळ्या एकदम उजळतात. मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. त्यातलीही एखादी हट्टाने जुळत नसेल तर प्रॉपर्टीजमध्ये झेड, म्हणजे उंची, बघा. वरून चिकटलेल्या दिसणाऱ्या रेघा वेगवेगळ्या उंचीवर असतात आणि पीएडिट त्या जोडत नाही. फ्लॅटन कमांड मारली की सगळं एका पातळीवर येतं आणि काम होतं.

एक गोष्ट या कमांडना जमत नाही. पीडीएफमधून काढलेल्या ड्रॉइंगमध्ये वर्तुळ हे बऱ्याचदा खरं वर्तुळ नसतं, कारण पीडीएफमध्ये गोल बेझिए वक्रांनी (गोलाच्या जवळ जाणाऱ्या वक्र तुकड्यांनी) काढला जातो. ते तुकडे जोडले तरी बोल्टचं भोक खरं गोल होत नाही. अशी भोकं मी पुसून, केंद्र धरून, ड्रॉइंगवर लिहिलेल्या व्यासाची पुन्हा काढतो. चाकणच्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाला आता पीडीएफसोबत मूळ डीएक्सएफही पाठवायला सांगितलंय, आणि ते पाठवतात.