केक कापणारी तार : २५० रुपयांच्या लेव्हलरची परीक्षा

आमच्या सूनबाई कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरातूनच वाढदिवसाच्या केकच्या ऑर्डरी घेतात. मी शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवरून निवृत्त झालो, तेव्हापासून केकचे थर कापण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपवले आहे. सुरुवातीला मी दातेरी ब्रेड नाइफने कापत असे. एकदा सवयीने व्हर्नियर, म्हणजे जाडी अचूक मोजायचे साधन, लावून पाहिला, तर एकाच थराची जाडी एका बाजूला १४ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला २१ मिलिमीटर भरली. कारखान्यात असा जॉब, म्हणजे घडवलेला भाग, थेट भंगारात गेला असता. त्यानंतर लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातून २५० रुपयांना तारेचा लेव्हलर आणला आणि आज वर्षभराच्या वापरानंतर त्याविषयी लिहितो आहे.

हे हत्यार दिसायला हॅकसॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या, चौकटीसारखे आहे. वाकवलेल्या पोलादी दांडीच्या दोन पायांमध्ये बारीक तार ताणून बसवलेली असते आणि दोन्ही पायांवर ठरावीक अंतराने खाचा असतात. माझ्याकडच्या लेव्हलरच्या खाचा ६ मिलिमीटरच्या अंतराने, १२ पासून ६० मिलिमीटरपर्यंत आहेत. त्यामुळे ५४ वर तार लावून केकचा फुगवटा उडवायचा, मग ३६ वर आणि शेवटी १८ वर काप घ्यायचा, म्हणजे १८ मिलिमीटरचे तीन थर मिळतात. हा क्रम वरून खालीच ठेवावा, कारण सगळी मापे ओट्यापासून मोजली जातात आणि तळाचा थर जागचा हलला की पुढचे मापच बिघडते. या पद्धतीने कापलेल्या थरांवर व्हर्नियर लावला, तेव्हा फरक १ मिलिमीटरच्या आत राहिला. स्पंजसारख्या दबणाऱ्या वस्तूकडून याहून अधिक अपेक्षा ठेवणे मला रास्त वाटत नाही.

ओटा लेव्हलमध्ये नसेल तर केक तिरका कापला जाईल, असे सूनबाईंना वाटत होते आणि त्यासाठी त्यांनी माझी स्पिरिट लेव्हलही मागून घेतली होती. परंतु केकचा तळ आणि लेव्हलरचे पाय एकाच पृष्ठभागावर टेकलेले असल्यामुळे ओट्याला सिंककडे थोडा उतार असला तरी काहीच बिघडत नाही. पृष्ठभाग सपाट असला म्हणजे पुरे. अडचण येते ती दोन ग्रॅनाइट फरश्यांच्या सांध्यावर, कारण तिथे एक पाय केसभर खाली जातो. दुसरी अडचण पुठ्ठ्याच्या बोर्डाची आहे. ८ इंची केक १० इंची बोर्डावर ठेवला, तर बोर्ड पायांच्या मध्ये मावत नाही आणि पाय बोर्डावर चढून डगमगू लागतात. म्हणून केक बटर पेपरसह थेट ओट्यावर ठेवावा आणि बोर्डाचा विचार कापून झाल्यावर करावा.

या लेव्हलरचा खरा दोष तारेत आहे. हॅकसॉमध्ये ब्लेडचा ताण वाढवायला हाताने फिरवायचा विंग नट असतो, तशी सोय इथे नाही. तार केवळ चौकटीच्या स्प्रिंगवर ताणलेली राहते. पहिले तीन महिने काम उत्तम झाले, पण पुढे लेव्हलर ड्रॉवरमध्ये इतर भांड्यांखाली दबून राहिल्याने चौकटीचे पाय आत झुकले आणि तार ढिली पडली. ढिली तार आडवी वाकली, तर जाडीत फरक पडत नाही. मात्र केकच्या कडक सालीशी येताच ती वर सरकते आणि काप होडीच्या तळासारखा निघतो. दुकानदाराकडे गेलो, तेव्हा ‘काका, तार वेगळी मिळत नाही, नवीनच घ्या’ असे उत्तर मिळाले. सुटी तार न ठेवता अख्खे हत्यार टाकून द्यायला लावणारी ही रीत मला मुळीच पटली नाही. एक भजनी मित्र तंबोऱ्याच्या कामासाठी मिरजेला जात होता, त्याच्याकडून तंबोऱ्याची साधी पोलादी तार मागवली, पाय बाहेर वाकवून चौकट पुन्हा ताठ केली आणि तार बसवली. ही तार मूळच्या तारेपेक्षा सरस कापते. मात्र ती गंजते, म्हणून धुतल्यावर लगेच कोरडी करून तिला खाण्याच्या तेलाचे बोट लावावे लागते. आता लेव्हलर खिळ्यावर टांगलेला असतो.

तार कितीही चांगली असली, तरी ताज्या, कोमट केकपुढे तिचे काही चालत नाही. आमच्याकडे बहुतेक ऑर्डरी बिनअंड्याच्या केकच्या असतात. कंडेन्स्ड मिल्क किंवा दही-सोड्यावर उभा राहिलेला हा केक अंड्याच्या स्पंजइतका लवचीक नसतो आणि गरम असताना त्याचा भुगा होतो. तो जाळीवर पूर्ण निवू द्यावा, क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवावा आणि मगच कापावा. लोण्याचा केक थंडीने घट्ट होतो, त्यामुळे तो सर्वांत स्वच्छ कापला जातो; तेलातला केक मऊच राहतो, तिथे हात अधिक हलका ठेवावा लागतो. तार दाबून पुढे ढकलू नये, तर करवतीप्रमाणे डावी-उजवीकडे सरकवावी आणि त्याआधी सुरीने कडेच्या सालीवर एक चीर द्यावी, म्हणजे तारेला वाट मिळते. अक्रोड किंवा काजूचे मोठे तुकडे असलेल्या केकला मात्र हा लेव्हलर लावू नये. तार तुकड्याला अडते आणि त्याला ओढत नेऊन थरात घळ पाडते. गुळाच्या केकचा ओलसर गर तारेला चिकटतो, म्हणून प्रत्येक कापानंतर ती पुसून घ्यावी.

मुळात फुगवटा कमी आला, तर कापायचे आणि वाया जायचेही कमी होते, जरी नातवंडांचे मत याच्या नेमके उलट आहे. भांड्याची कड आधी तापते, तिथला केक लवकर बसतो आणि मधला भाग मात्र फुगत राहतो, त्यातून हा घुमट तयार होतो. सूनबाई आता ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) १८० ऐवजी १६० अंशांवर ठेवून केक थोडा जास्त वेळ भाजतात आणि भांड्याभोवती ओल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळतात. पट्टीतले पाणी वाफ होऊन जाईपर्यंत कड फार तापत नाही. एवढ्याने आमचा फुगवटा जवळजवळ निम्म्यावर आला.

वर्षातून दोन-चारदा केक करणाऱ्याने हे हत्यार घेण्याची गरज नाही. केकच्या कडेला सारख्या उंचीवर सहा-आठ टूथपिक टोचावेत, टर्नटेबलवर केक फिरवत आणि सुरी स्थिर धरत आधी सभोवार बोटाच्या पेराएवढा काप घ्यावा व मग आत शिरावे. काम नीट होते, फक्त वेळ लागतो. बाजारात केकभोवती बसवायची खाचांची स्टीलची कडीही मिळते, परंतु मी हाताळलेल्या कडीच्या खाचा सुरीच्या पात्यापेक्षा इतक्या रुंद होत्या की सुरी त्यांत डुलत होती, त्यामुळे ती घेण्याचा मोह आवरला. आठवड्याला तीन-चार केक करणाऱ्या घरासाठी मात्र तारेचा लेव्हलर २५० रुपयांना स्वस्तच आहे. त्याच्या पायांतले अंतर १० इंचांचे असल्याने १२ इंची केकची ऑर्डर आली की सूनबाई आजही मला ब्रेड नाइफच देतात आणि व्हर्नियर लपवून ठेवतात.