गाव सोडताना जनावरं द्यायची कुठं? आठवडी बाजाराचा आमचा अनुभव

लेकरांच्या शिक्षणासाठी गाव सोडून लातूरला, संभाजीनगरला नाहीतर पुण्याला निघालेल्या घरांसाठी हे लिहितेय. शेत कुणाला बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, द्यायचं, भाड्याची खोली कुठं बघायची, हे सांगायला माणसं भेटतात. दावणीच्या जनावरांचं काय करायचं म्हणून विचारलं की एकच उत्तर येतं, "बाजार दाखवा." आम्ही या उन्हाळ्यात तो दाखवला. त्या बाजाराचं हे परीक्षण. लातूर जिल्ह्यातला, तालुक्याच्या ठिकाणी भरणारा आठवडी जनावरांचा बाजार, एवढं सांगते. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यातल्या खोडी त्या एका बाजारापुरत्या नाहीत.

आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, लाल कंधारी बैलांची जोडी होती, एक देवणी गाय आणि तिची कालवड, तीन उस्मानाबादी शेळ्या, वर कोंबड्या. थोरलीला अकरावीला लातूरला घातलं. रिंग रोडच्या बाहेर हजार स्क्वेअर फुटाच्या प्लॉटवर दोन खोल्या बांधल्यात, शेजाऱ्याची भिंत आमच्या भिंतीला लागून. महापालिकेच्या हद्दीत गुरं ठेवायची तर परवाना लागतो, आणि तो काढला तरी बांधायचं कुठं, वैरण आणायची कुठून? शेत बटईनं दिलं, तेव्हा वाटलं होतं बैल तरी शेतासोबत राहतील. बटईदार म्हणाला, "वहिनी, बैल नकोत. पेरणी, पाळी सगळं ट्रॅक्टरनं करतो मी."

आधी सोयी सांगते. बाजार पहाटेच भरतो. उन्हं वर यायच्या आत निम्मे सौदे होऊन जातात, म्हणून पहाटे पाचला पिकअपमध्ये जनावरं घालावी लागतात. गाडीतून उतरवायला सिमेंटचा उतार बांधलाय, तो चांगला आहे. उडी मारून उतरताना बैलाचा पाय मुरगळला की त्या दिवशी त्याला गिऱ्हाईक नाही. पाण्याचा हौद मोठा आहे आणि भरलेला होता. सावलीला कडूलिंबाची झाडं आहेत, पण ती व्यापाऱ्यांच्या जनावरांनी आधीच धरलेली असतात. आमच्यासारखे चार जनावरं घेऊन आलेले उन्हात. बाईमाणसासाठी संडास नाही. बाजारात बायका कमी येतात म्हणून केला नाही म्हणतात. शेळ्या विकायला येणाऱ्या निम्म्या बायकाच असतात, हे कुणीतरी मोजावं.

कानातला पिवळा टॅग दारातच बघतात. जून 2024 पासून राज्यात टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही, म्हणून बारा आकडी नंबर पावतीवर लिहून घेतात. ही सोय मला मनापासून आवडली. 2022 साली लंपी हा गुरांच्या कातडीचा रोग आला तेव्हा बाजार बंद पडले होते, जनावर कुठून आलं आणि कुठं गेलं याचा पत्ता लागत नव्हता. आता निदान नंबर तरी मागं राहतो. टॅग नसेल तर बाजाराच्या आदल्या आठवड्यातच सरकारी दवाखान्यात जाऊन मारून घ्या आणि तिथूनच वाहतुकीसाठी आरोग्य दाखला घ्या. विकल्यानंतर त्या नोंदीवरचं मालकाचं नावही बदलून घ्या.

आता सौद्याचं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे राहतात, हातावर उपरणं टाकतात आणि खालून एकमेकांची बोटं धरतात. एक बोट, तीन बोटं, सगळा पंजा, प्रत्येकाचा आकडा ठरलेला. तोंडानं फक्त "हं", "नाही", "बघा जरा". चेहरे कोरे. शेजारी उभ्या मालकालाही आकडा कळतो तो दलालानं कानात सांगितल्यावर.

आमचा लाल्या, जोडीतला तरणा बैल, सहा दाती (बैलाचं वय दातांवरून धरतात), अंगानं भरलेला, औताला आणि गाडीला दोन्हीकडं चालणारा. दलालानं यांच्या कानात 46 हजार सांगितले. हे विचारात पडले. मी सरळ पलीकडं गेले आणि ज्यानं बोट धरलं होतं त्या शेतकऱ्याला विचारलं, "दादा, तुम्ही किती म्हणालात?" तो म्हणाला, "52." दलाल चिडला, बायामाणसांनी मध्ये बोलायचं नसतं म्हणाला. मी म्हणाले, या बैलाला वैरण मी टाकलीय, मग मी बोलणार. सौदा 52 लाच झाला, ठरलेली दलाली आम्ही वेगळी दिली.

उपरण्याखालच्या सौद्याची बाजू घेणारेही आहेत. गरजेपोटी कमी भावात द्यावं लागलं तर चारचौघांत नाचक्की होत नाही, असं माझे सासरे सांगायचे. ते खरं असेल. पण ती रीत दर आठवड्याला बाजार करणाऱ्यांच्या सोयीची आहे. आयुष्यात एकदाच दावण मोकळी करायला आलेल्या माणसाचं त्यात नुकसान होतं. तुम्ही गेलात तर दलालाला आधीच सांगा, आकडा उघड बोलायचा, नाहीतर जनावर उभं करत नाही. ऐकतात. आम्ही सांगितल्यावर दुसऱ्या दलालानं ऐकलं, आणि त्याचा व्यवहार स्वच्छ होता. पैसे आता बहुतेक फोनवरूनच येतात. खात्यात जमा झाल्याचा मेसेज स्वतः बघितल्याशिवाय दावं सोडू नका.

गायीच्या बाबतीत मात्र माझं मत पक्कं झालंय: दुभतं जनावर बाजारात नेऊन विकू नये.

आमची चंद्री देवणी, त्यातली वानेरा. अंग पांढरं, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. तिसऱ्या वेताची. सकाळी दोन-अडीच लिटर, संध्याकाळी त्याहून थोडं कमी. देवणीला याहून फार अपेक्षा धरू नये, ती दुधाचीही आहे आणि तिचे गोऱ्हे औताचेही, म्हणून आपल्या भागात टिकली. एकामागून एक व्यापारी आला, शेपटी उचलली, कास दाबली, आणि यांना विचारलं, "दूध किती?" यांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं. पुढचा प्रश्न परत यांनाच. धार कोण काढतं हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

तिच्या मानेवर आणि पुठ्ठ्यावर लंपीचे जुने व्रण आहेत. तेवढ्यावर बोट ठेवून एकानं भाव दहा हजारांनी पाडला. गाय तेव्हाच बरी झाली, त्यानंतर वेत झालं, कालवड समोर उभी आहे. हे सगळं सांगून झालं. तो म्हणाला, पुढच्या बाजाराला आणा, आदल्या संध्याकाळची धार काढू नका, कास भरलेली दिसली की भाव येईल. बाजारात हे सर्रास चालतं. तुंबलेल्या कासेनं गाय उभी ठेवायची, ती पाय झाडते, वासराला जवळ घेत नाही, आणि घेणारा भुलतो. काही जण पान्ह्यासाठी इंजेक्शनही देतात. जिची इतकी वर्षं हातानं धार काढली तिला शेवटच्या दिवशी असा त्रास द्यायचा नाही, हे आम्ही दोघांनी तिथंच ठरवलं आणि गाय परत नेली.

पण बाजारात जाणं वाया गेलं नाही. तिथं एक वयस्क मामा भेटले. त्यांनी कास बघायच्या आधी कालवड बघितली, चंद्रीच्या खुरांवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "पोरी, पान्हा कशानं घालते?" मी सांगितलं, कालवड आधी लावावी लागते, थोडं पिऊ द्यायचं, मग डाव्या अंगानं बसायचं. उजव्या अंगाला माणूस बसलेला तिला खपत नाही. ते म्हणाले, "मग मी येतो दोन दिवसांनी, संध्याकाळची आणि सकाळची धार बघतो." आले. सुनेला सोबत घेऊन आले, कारण धार तीच काढणार होती. रात्री आखाड्यावर मुक्काम केला, भाकरी-पिठलं खाल्लं. संध्याकाळची धार मी काढली, सकाळची त्यांच्या सुनेनं. पहिल्यांदा चंद्रीनं पान्हा चोरला. मी कालवड परत लावली, तिच्या मानेखाली खाजवत उभी राहिले, मग सोडलं. कालवडीसकट 45 हजारांत दिली. बाजारात यापेक्षा दोन-तीन हजार जास्त आले असते कदाचित. पण ती कुणाच्या दावणीला, कुणाच्या हाताखाली गेलीय हे मला माहीत आहे, त्या सुनेचा फोन नंबर माझ्याकडं आहे. आमच्याकडं जनावर देताना दावं देत नाहीत. त्यांनीही ते न सांगता स्वतःचं दावं आणलं होतं.

सगळ्यात अवघड गेलं हरण्याचं, जोडीतल्या दुसऱ्या बैलाचं. तो अकरा-बारा वर्षांचा. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, चारा छावण्या उघडल्या होत्या, त्या वर्षी तो आदत होता, दुधाचे दातही पडले नव्हते. कडबा परवडत नव्हता तरी सासऱ्यांनी त्याला विकला नाही. त्याचा पहिला जोडीदार गेल्यावर लाल्या आणला, पण औत ओढायचं कसं हे लाल्याला हरण्यानंच शिकवलं. बाजारात जोडी म्हणून उभे केले तर लोक लाल्याचे दात बघून थांबायचे आणि हरण्याचे बघून पुढं जायचे.

2015 पासून आपल्या राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. गायीवर तर त्याच्या कितीतरी आधीपासून होती. मी त्या कायद्याच्या विरोधात लिहीत नाही. पण म्हातारा बैल घेऊन शेतकऱ्यानं जायचं कुठं, याला बाजारात उत्तर नाही. असलेलं उत्तर वेगळंच आहे. एकजण आला, अगदी थोडे पैसे सांगितले आणि म्हणाला, पावती करू नका, गाडी बाहेर उभी आहे. कुठं नेणार विचारलं तर म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय?" यांनी त्याला हात जोडून जायला सांगितलं. पावती नको म्हणणारा कुणीही आला तर त्याच्याशी पुढं एक शब्द बोलू नका.

एका गोशाळेतही जाऊन आलो. देणगी आणि वर्षभराचा कडबा मागितला, ते मला चुकीचं वाटलं नाही, जनावर फुकट जगत नाही. पण गव्हाणी रिकाम्या होत्या आणि पुढची गुरं मागच्यांना खाऊ देत नव्हती. आम्ही न ठेवता आलो. सगळ्याच गोशाळा तशा नसतील. द्यायच्या आधी न सांगता दुपारच्या वेळी जा, गव्हाण बघा, जनावरांच्या बरगड्या बघा, म्हणजे कळेल.

शेवटी बटईदाराशी नव्यानं बोलणं केलं. हरण्या आखाड्यावरच राहणार. ज्वारीच्या आमच्या वाट्याच्या कडब्यातनं त्याची वैरण आधी बाजूला निघणार, सरकी पेंड आम्ही देणार, आणि दाराशी बैल असल्यामुळं पोळ्याला बटईदाराच्या लेकरांनाही बरं वाटणार. हे त्याच्या आईनं सुचवलं. आधीच्या रात्री खांदेमळणीला आम्ही जाऊ आणि हळद-तूप आमच्या हातानं लावू, हेही ठरलंय. पैशाच्या हिशोबात हा व्यवहार तोट्याचा आहे. यांना आणि मला तो योग्य वाटतो.

शेळ्यांचं सोपं होतं. तिन्ही नणंदेला अर्धलीनं दिल्या, पिलं निम्मी तिची, निम्मी आमची. उस्मानाबादीला जुळी होतात म्हणून हा व्यवहार दोघींनाही परवडतो. विकायच्याच असतील तर बाजारात बोकडाला ईदच्या आधी चांगला भाव येतो, पाटी, म्हणजे मादी पिलू, घरातच द्यावी. कोंबड्या गल्लीत गेल्या.

वेळेचं एक सांगते. कॉलेजं जूनमध्ये सुरू होतात म्हणून गाव सोडणारे सगळे मे महिन्यात जनावरं काढतात. कामाच्या बैलाला ते चांगलं, मृगाच्या तोंडावर गिऱ्हाईक असतं. गायीला वाईट, कारण वैरण संपलेली असते आणि घेणारा तेच बोलून भाव पाडतो. जमलं तर गाय दिवाळीनंतर, नवा कडबा दिसायला लागला की द्या, चार-पाच महिने कुणीतरी मागं राहायला लागलं तरी. आणि बाजाराला पहिल्यांदा जाल ते जनावर न नेता जा. दोन तास नुसते उभे राहा, कोण कसं बोलतं ते ऐका.

गुण द्यायचे तर कामाच्या बैलासाठी पाचपैकी चार, शेळ्यांसाठी तीन, दुभत्या गायीसाठी दोन. म्हाताऱ्या बैलासाठी काहीच नाही. लाल कंधारी आणि देवणीसाठी हाळी-हंडरगुळीच्या बाजाराचं नाव लांबवर आहे, चांगली जोडी असेल तर तिथला भाव आधी विचारून घ्या.

बाजार समितीकडं माझं मागणं आहे. सोयाबीनचा, तुरीचा भाव रोज आमच्या फोनवर येतो, किमान, कमाल, सरासरी. तसा एक फळा बाजाराच्या दारात लावा: गेल्या आठवड्यात सहा दाती बैल किती ते किती गेला, तिसऱ्या वेताची देवणी किती ते किती. पावत्या तुमच्याकडंच असतात, टॅग नंबर तुमच्याकडंच असतो, लिहायला एक माणूस लागेल. आणि बायकांसाठी संडास बांधा, येत्या उन्हाळ्याच्या आत.