कूलर, जिनिंग आणि गोंगाट कमी करणारा हेडफोन

हिंगणघाट तालुक्यातील एका जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) कार्यालयात मी हिशेबाचे काम करतो. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागू लागल्या की भिंतीपलीकडची यंत्रे दिवसभर चालतात आणि उन्हाळ्यात घरी लोखंडी कूलरची घरघर रात्रभर सुरू असते. या दोन आवाजांसाठी मागील दिवाळीत गोंगाट कमी करणारा, संपूर्ण कान झाकणारा हेडफोन घेतला. एक हंगाम आणि एक उन्हाळा वापरून हे लिहितो आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण पुढील बहुतेक गुणदोष या पद्धतीचेच आहेत.

कूलरपुढे हेडफोन उत्तम ठरला. आवाजाच्या लहरीला उलटी लहर भिडवून तो मिटवण्याची कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला तिचे अमेरिकी पेटंट 1936 मध्येच मिळाले होते. परंतु एकदा ठरवून दिलेली उलटी लहर आमच्या गावात पुरणार नाही. संध्याकाळी व्होल्टेज पडले की पंखा मंदावतो आणि घरघरीचा सूर खाली येतो; व्होल्टेज सुधारले की तो पुन्हा चढतो. अशा वेळी, कानाशी किती आवाज उरला हे आतल्या मायक्रोफोनवरून पाहत स्वतःचे गुणांक, म्हणजे उलटी लहर कशी असावी हे ठरवणारे आकडे, बदलत राहणारे गणित उपयोगी पडते. विड्रो आणि हॉफ या अमेरिकी अभियंत्यांनी 1960 मध्ये मांडलेली रीत अशा गणिताच्या मुळाशी आहे. सूर बदलला की माझ्या हेडफोनमध्ये घरघर थोडा वेळ जाणवते आणि मग विरून जाते.

खरी परीक्षा मे महिन्यात दुपट्ट्याने घेतली. उन्हातून आल्यावर कानांवरचा दुपट्टा न सोडता त्यावरच हेडफोन चढवला, तेव्हा घरघर कमी होण्याऐवजी एक दबका घुमारा उठला. स्पीकरमधून निघालेली लहर कानापर्यंत पोहोचताना किती बदलते, याचा एक अंदाज गृहीत धरूनच हे गणित चालते. दुपट्ट्याची घडी किंवा चष्म्याची काडी गादीखाली आली की फट पडते, खालचे सूर तिच्यातून निसटतात आणि तो अंदाज चुकतो. या चुकीमुळे पडणारे कलांतर, म्हणजे लहर अंदाजापेक्षा किती पुढे-मागे सरकली ते (एक पूर्ण लहर म्हणजे 360 अंश), 90 अंशांच्या आत असेल तोवर गणित, सावकाश का होईना, योग्य दिशेने जाते. त्यापलीकडे मात्र सुधारणा म्हणून केलेला प्रत्येक बदल आवाज वाढवतो. म्हणून गुणांकांना लगाम घालावा लागतो आणि त्यासाठी थोडी शांतता सोडून द्यावी लागते. माझ्या हेडफोनने घुमारा काही क्षणांत आवरला, आणि ही सावध घडण मला त्याच्या शांततेहूनही मोलाची वाटते.

जिनिंगमध्ये अनुभव संमिश्र आहे. मोटारींची गुणगुण बरीच कमी होते, पण लोखंडाचा खडखडाट तसाच येतो. 100 हर्ट्झच्या आवाजाची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते, तर 3,000 हर्ट्झची जेमतेम 11 सेंटिमीटर. एवढ्या लहान लहरीशी उलट्या लहरीचा मेळ क्षणभराच्या उशिरानेही बिघडतो. यंत्रांजवळ उभे राहणाऱ्यांनी याला कानाचे संरक्षण समजू नये. तेथे कारखान्यासाठी बनवलेले कर्णरक्षकच वापरावे.

घामाने कानाच्या गाद्या एका उन्हाळ्यातच कडक झाल्या, आणि गादी कडक झाली की तीच फट पुन्हा पडते. विकत घेताना आवाजाची गुणवत्ता विचारण्याआधी, गाद्या सुट्या मिळतात का हे दुकानदाराला विचारावे. मला त्या नागपूरहून मागवाव्या लागल्या.